पंढरपूर: वारीचे दिवस सोडून जाताना दर्शन, नदी आणि गावातली बाकीची देवळं

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. आषाढी-कार्तिकीवर इथे भरपूर लिहून झालंय. साध्या दिवसांत घरच्यांना घेऊन पंढरपूर नीट करायचं असेल तर काय-कसं करावं, ते एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: एक रात्र मुक्काम ठेवा. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याचा सगळा दिवस बारीत, म्हणजे दर्शनाच्या रांगेत जातो. मग पुंडलिकाला लांबूनच हात जोडले जातात, रुक्मिणीचं दर्शन घाईत होतं, आणि विष्णुपद-गोपाळपूर तर राहूनच जातं. मुक्काम असला की दुपारी पोचून नदी आणि गावातली देवळं करता येतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बारीला लागता येतं.

कधी जावं: माझ्या मते मार्गशीर्ष ते माघ उत्तम, त्यातली माघी एकादशी आणि तिच्या मागचे-पुढचे दिवस वगळून. चार मोठ्या यात्रा म्हणजे चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. त्याशिवाय दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला महिना वारी करणारे येतातच. बुधवार हा विठोबाचा वार मानतात, त्यामुळे बाकीच्या वारांपेक्षा त्या दिवशी थोडी जास्त गर्दी. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की गर्दी एकादशीसारखीच. अधिक महिना असेल तर तो पूर्ण महिना यात्राच समजा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यात सोलापूर जिल्ह्याचं ऊन. वयस्कर माणसं सोबत असतील तर तो काळ टाळाच.

देवाचा दिवस साधारण असा चालतो. पहाटे ४ च्या सुमारास मंदिर उघडतं, काकडा होतो, मग नित्यपूजा. सहाच्या आगेमागे पदस्पर्श दर्शन सुरू होतं. पावणेअकरा-अकराला महानैवेद्य, तेव्हा रांग थोडा वेळ थांबते. दुपारी साडेचारच्या सुमारास पोशाख, तेव्हाही थांबते. संध्याकाळी सात वाजायच्या सुमाराला धूपारती, रात्री साडेअकराच्या आसपास शेजारती. सणावाराला वेळा पुढेमागे होतात. पण रांग का थांबली हे माहीत असलं की निम्मी चिडचिड कमी होते. पोशाखाच्या वेळी बारी अडली म्हणून रांग सोडून जाणारी माणसं दिसतात, आणि थोड्याच वेळात ती सरकायला लागलेली असते.

कुर्डुवाडी जंक्शन

चांगला धागा. प्रवासाचं मी लिहितो.

रेल्वेने: पंढरपूर स्टेशन कुर्डुवाडी-मिरज मार्गावर आहे. मुंबई-पुण्याकडून सोलापूरच्या दिशेने जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कुर्डुवाडीला थांबतात. तिथून पंढरपूर साधारण ५० किमी. जोडगाडी मिळाली तर ठीक, नाहीतर एसटी. दादरहून पंढरपूरमार्गे साताऱ्याला जाणारी थेट गाडी आहे, पण ती रोज नसते, वार बघून आरक्षण करा. कोल्हापूर-नागपूर गाडीही पंढरपूरवरून जाते, तीसुद्धा रोजची नाही. कर्नाटकातल्या मंडळींना मैसूरहून येणारी गोलगुंबज एक्स्प्रेस सोयीची, ती पंढरपूरपर्यंतच येते.

रस्त्याने पुण्याहून दोन वाटा. एक सोलापूर महामार्गाने टेंभुर्णीपर्यंत, तिथे उजवीकडे वळून पंढरपूर. एकूण सव्वादोनशे किमीच्या आत. दुसरी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी, म्हणजे माउलींच्या पालखीचा मार्ग. तो आता रुंद झालाय. मला ही वाट आवडते, कारण वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ बघून पुढे जाता येतं, आणि वाखरीचा रिंगणाचा माळ रस्त्यावरच लागतो.

सोलापूरहून मोहोळमार्गे किंवा मंगळवेढामार्गे, साधारण सत्तर-पंच्याहत्तर किमी.

गाडी गावात आत घालू नका. प्रदक्षिणा मार्ग अरुंद आहे, गर्दीच्या दिवशी पोलीस बाहेरच अडवतात, आणि एकदा आत अडकलात की मागेही येता येत नाही. गाडी मुक्कामाच्या ठिकाणी लावा आणि पुढे रिक्षाने किंवा पायी जा. स्टेशन, एसटी स्टँड आणि मंदिर, सगळं दोनेक किमीच्या आत आहे.

अबोली_७

दोन प्रश्न. सोबत सत्तरीच्या पुढची दोन माणसं आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. पदस्पर्शाची बारी झेपेल का? आणि मुखदर्शन घेतलं तर नक्की किती अंतरावरून दिसतं?

सोळखांबी

अबोलीताई, नीट सांगते.

पदस्पर्शाची बारी संत ज्ञानेश्वर दर्शन मंडपातून जाते. हा मंडप अनेक मजली आहे, त्यात जिने चढावे-उतरावे लागतात आणि नंतर पुलावरून मंदिराकडे यावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांचा खरा त्रास जिन्यांचा असतो. उभं राहण्याचा त्या मानाने कमी, कारण रांग थांबली की खाली बसता येतं. बारीत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, नंतर मधूनच बाहेर पडणं अवघड. औषधांची वेळ असेल तर गोळी खिशात, पिशवीत नको. मंडपात शिरल्यावर पिशवी उघडायलाही जागा नसते. चप्पल मुक्कामाच्या खोलीवरच सोडून गेलात तर ती शोधण्याचा एक व्याप वाचतो. उन्हाळ्यात मात्र दगडी फरशी तापते, त्यामुळे मग पहाटेचीच बारी.

ज्येष्ठ आणि दिव्यांग भाविकांसाठी मंदिर समितीची वेगळी व्यवस्था त्या त्या दिवसाच्या गर्दीवर ठरते. संत तुकाराम भवनात समितीचं कार्यालय आहे, तिथे आधी चौकशी करा. मंदिराच्या दाराशी उभं राहून विचारण्यापेक्षा तिथे नीट उत्तर मिळतं. ऑनलाइन नोंदणी किंवा टोकन त्या काळात सुरू आहे का, हेही समितीच्या संकेतस्थळावर निघायच्या आदल्या दिवशी बघा. ओळखपत्र जवळ ठेवा.

मुखदर्शन म्हणजे गाभाऱ्यात न जाता समोरच्या मंडपातून दर्शन. रांग लहान असते आणि जिने जवळजवळ नसतात. सोळखांबी मंडप, पुढे चौखांबी, त्याच्या आत गाभारा अशी रचना आहे. मुखदर्शनातून मूर्ती समोरासमोर दिसते, मुकुटापासून चरणांपर्यंत, फक्त लांबून. पदस्पर्शात तुम्ही अगदी जवळ असता, पण तिथे दोन-तीन क्षण मिळतात आणि डोकं खाली असतं. चेहरा बघायचा राहून जातो. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी दोन्ही करावं: एक दिवस मुखदर्शन, डोळे भरून, दुसऱ्या पहाटे पदस्पर्श. तुमच्या घरच्या मंडळींसाठी मुखदर्शन पुरेसं आहे आणि त्यात काही कमी नाही.

मूर्तीत काय पाहावं तेही सांगते, कारण पोशाख आणि हारांखाली बरंच झाकलेलं असतं. उभी मूर्ती, विटेवर समचरण. दोन्ही हात कटीवर, डाव्या हातात शंख, उजव्यात कमळाचा देठ. कानातली मकराकृती कुंडलं खांद्यांपर्यंत आलेली. मस्तकावर शिवलिंग. नित्यपूजेच्या वेळी मूर्ती पोशाखाविना असते तेव्हा हे सगळं दिसतं. नंतर पोशाखात फक्त मुख, कुंडलं आणि चरण. नित्यपूजा, पाद्यपूजा, तुळशी अर्चन यांची नोंदणी समितीकडे आधी करावी लागते.

नागरमोथा

+१. एक विनंती सगळ्यांना. चरणांवर डोकं टेकवा, पण हातांनी पाय दाबू नका, घासू नका. लाखो माणसांच्या स्पर्शाने चरणांची झीज होते म्हणून वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा लेप करावा लागतो, २०२० मध्येही केला होता. बोटातल्या अंगठ्या रांगेतच काढून खिशात ठेवा. हार स्वतः घालायला जाऊ नका, पुजाऱ्यांच्या हातात द्या. आणि नाणी मूर्तीच्या दिशेने भिरकावू नका. पैसे हुंडीत टाका किंवा काउंटरवर देऊन पावती घ्या.

जोंधळा

सोळखांबीताईंशी थोडा मतभेद आहे. पंढरपूरचं वेगळेपण हेच की इथे कुणीही जाऊन देवाच्या पायावर डोकं ठेवू शकतो. मुखदर्शनावर भागवायची सवय लागली तर तेच हरवतं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं ते याच दारासाठी. त्यानंतर हे मंदिर हरिजनांना खुलं झालं. ज्याचं शरीर साथ देतं त्याने पदस्पर्शच करावा, थोडा वेळ गेला तर जाऊ दे.

सोळखांबी

जोंधळा, तुमचं म्हणणं मान्य आहे. साथ देणाऱ्या शरीराने जरूर करावा. माझा सल्ला न झेपणाऱ्यांसाठी होता. आणि मुखदर्शनाची रांगही न झेपली तर नामदेव पायरीचं आणि कळसाचं दर्शन घेऊन परत जाणारे वारकरी आषाढीला हजारोंनी असतात. त्यांची वारी पूर्णच मानतात.

नामदेव पायरीचा विषय निघालाच आहे म्हणून: पूर्वेच्या महाद्वाराची ही पहिली पायरी. तिच्यावर पाय ठेवायचा नाही, हात लावून नमस्कार करायचा. समोरच चोखोबांची समाधी. बरेच जण पायरीला नमस्कार करून वळतात आणि चोखोबांकडे पाठ करून निघून जातात. तसं करू नका. आधी चोखोबा, मग पायरी.

आत गेल्यावर सोळखांबीत गरुडखांब आहे, त्याला आलिंगन द्यायची रीत आहे. रांग ढकलत असते, त्यामुळे तो कुठे आहे हे आधीच विचारून ठेवा. जवळच चौऱ्याऐंशीचा शिलालेख. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात मंदिराला कोणी काय दान दिलं त्याच्या या नोंदी. त्यात रामदेवराव यादव आणि हेमाडपंताचंही नाव येतं. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत, आणि ती घासून घासून अक्षरं झिजलीत. लांबून बघा.

कान्होपात्रेची जागाही मंदिराच्या आवारातच आहे. तिथलं तरटीचं झाड हीच तिची खूण मानतात.

२०२४ च्या आधी गेलेल्यांना गाभारा वेगळा वाटेल. जतन-दुरुस्तीसाठी मार्च ते जून २०२४ या काळात पदस्पर्श बंद ठेवला होता, त्यात चांदीचं आवरण आणि नंतर बसवलेली फरशी काढून मूळ दगड उघडा केला. त्याच कामात मे अखेरीस एक तळघर सापडलं, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या.

अबोली_७

खूप आभार. रुक्मिणीचं दर्शन त्याच रांगेत होतं ना?

सोळखांबी

हो, विठ्ठलाकडून बाहेर पडलात की वाट रुक्मिणीकडे नेते. तिचं देऊळ स्वतंत्र आहे, विठ्ठलाच्या मागच्या अंगाला. इथे लोक दमलेले असतात आणि ढकलाढकलही जास्त होते, म्हणून ओटीचं सामान बारीला लागण्याआधीच हातात घेऊन ठेवा. खण, नारळ, हळद-कुंकू एकाच कापडी पिशवीत. वाटेत सत्यभामा, राही, महालक्ष्मी, व्यंकटेश ही लहान देवळं लागतात. बाहेर पडायची घाई सोडली तर पंधरा-वीस मिनिटांत सगळी होतात.

वाळवंट

नदीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, आणि जीवावरचे प्रसंग तिथेच घडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रम परंपरेने असा: चंद्रभागेत (भीमेचं इथलं नाव) स्नान, पुंडलिकाचं दर्शन, मग विठ्ठल. भक्ताला आधी भेटायचं आणि नंतर देवाला. ज्यांच्यासाठी देव विटेवर उभा राहिला त्या पुंडलिकाचं देऊळ पात्रातच आहे, महाद्वार घाट उतरून वाळवंटात, म्हणजे नदीकाठच्या वाळूत गेलात की समोर. तिथली पूजा कोळी समाजाकडे आहे.

पाण्याची अवस्था दोनच प्रकारची असते, आणि दोन्हींत सावध राहायचं.

पहिली, पाणी कमी. हिवाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत नदी ठिकठिकाणी डबक्यासारखी होते, शेवाळ येतं, वास येतो. अशा वेळी बुडी मारू नका. पाय बुडवा, ओंजळभर पाणी अंगावर शिंपडा आणि खोलीवर अंघोळ करा. पाणी तोंडात घेणं, बाटलीत भरून घरी नेऊन तीर्थ म्हणून पिणं, हे तर अजिबात नको. बाटलीतलं पाणी देव्हाऱ्यात ठेवायला ठीक. गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यातही धोका असतो: वाळू उपशाचे खड्डे. वरून सपाट पाणी, आणि एक पाऊल पुढे टाकलं की पुरुषभर खोल. नदीत बुडण्याचे प्रसंग यातूनच घडतात, आणि बहुतेक वेळा पोहता न येणाऱ्या तरुण मुलांवर ओढवतात. स्थानिक माणसं जिथे उतरतात तिथेच उतरा, घाटाची पायरी सोडून आत चालत जाऊ नका, लहान मुलाचा हात सोडू नका.

दुसरी, पाणी जास्त. पंढरपुरात ढगही नसतील, पण वर उजनी किंवा वीर धरणातून विसर्ग सुरू असला की इथे पाणी चढतं. वीरचं पाणी नीरेतून येऊन नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळतं, म्हणजे दोन्हीकडचं पाणी एकत्र होऊन इथे पोचतं. सोडलेलं पाणी यायला बराच वेळ लागतो, त्यामुळे सकाळी कोरडं असलेलं वाळवंट संध्याकाळी भरू शकतं. जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर उजनी आणि वीरचा विसर्ग किती क्युसेक आहे हे बातम्यांत बघून निघा. आकडा वाढतोय असं दिसलं की वाळवंटातलं काम आधी उरका. पूर मोठा असला की पुंडलिकाचं देऊळ पाण्यात जातं, जुना दगडी पूलही बुडतो. मग घाटाच्या वरच्या पायरीवरूनच नमस्कार.

होडीबद्दल: पाणी बऱ्यापैकी असेल तर होड्या असतात. बसण्याआधी दर ठरवून घ्या, किती माणसं भरणार ते विचारा, आणि जीवरक्षक जॅकेट नसेल तर बसू नका. विसर्ग चालू असताना होडीचा मोह टाळाच.

आणि कृपा करून जुने फोटो, निर्माल्य, कपडे नदीत सोडू नका. अंगावरचे कपडे नदीत सोडायचे असतात असं सांगणारा कुणी भेटला तर ऐकू नका. तोच चिखलात रुतलेला कपड्यांचा गाळ पुढच्याच्या पायात गुंततो.

गोपाळपूरकर

वाळवंट यांनी लिहिलेलं शब्दन् शब्द खरं. मी पुढचं घेतो: विष्णुपद आणि गोपाळपूर.

दोन्ही एकाच दिशेला, गावाच्या दक्षिणेला. विष्णुपद नदीच्या पात्रात आहे. खडकावर कृष्णाची आणि गाईची पावलं उमटल्याचं दाखवतात. पावसाळ्यात हे बुडतं, त्यामुळे जायचं तर दिवाळीनंतरच. मार्गशीर्षात देव महिनाभर विष्णुपदावर मुक्कामाला असतात असं मानतात, तेव्हा घराघरांतून डबे घेऊन माणसं वनभोजनाला येतात. पंढरपूरकरांचं पंढरपूर बघायचं असेल तर हाच महिना. भाकरी, शेंगाचटणी, एखादी भाजी बांधून घ्या, खडकावर बसून जेवा आणि उष्टं-खरकटं सोबत परत न्या. पात्रातच थोडं पलीकडे नारदाचं देऊळ.

गोपाळपूर पुढे. लहान टेकडी, तिच्यावर तटबंदीचं गोपाळकृष्णाचं देऊळ. पायऱ्या आहेत, पण फार नाहीत. जनाबाईचं जातं इथे दाखवतात. आषाढी आणि कार्तिकी पौर्णिमेला काला इथेच होतो आणि मग पालख्या परतीला लागतात. साध्या दिवशी इथे शांतता असते. वयस्कर माणसांना संध्याकाळी टेकायला यापेक्षा चांगली जागा नाही. रिक्षा थांबवून ठेवा, नाहीतर परतीला रिक्षा मिळायला वेळ लागतो.

यात्रेच्या दिवसांत हाच गोपाळपूर रस्ता म्हणजे बारीचे पत्राशेड. रांग इथवर आणि याच्याही पुढे येते. तेव्हा देवळाचा विचार सोडा.

कुर्डुवाडी जंक्शन

गावातली बाकीची देवळं थोडक्यात: काळा मारुती आणि तांबडा मारुती प्रदक्षिणा मार्गावरच. ताकपिठ्या विठोबा विठ्ठल मंदिरापासून चालत जाण्याइतका जवळ. लखूबाईचं देऊळ नदीकडे, हेच दिंडीरवन. रुसलेली रुक्मिणी इथे येऊन बसली ही कथा. शिवाय पद्मावती, अंबाबाई, यमाई-तुकाई. यमाई तलावाच्या काठावर तुळशी वृंदावन आहे, मुलं असतील तर तिथे किंवा कैकाडी महाराजांच्या मठात न्या, दोन्ही ठिकाणी मुलं रमतात. नदीपलीकडे इस्कॉनचं मंदिर आणि घाट.

नगरप्रदक्षिणा करायची तर पहाटे किंवा रात्री नऊनंतर. दिवसा रिक्षा आणि दुचाकींतून वाट काढण्यातच लक्ष जातं, नामस्मरण बाजूलाच राहतं.

तुळशीमंजिरी

खरेदीचं लिहिते, कारण यात फसगत फार होते.

तुळशीची माळ: दुकानात ढिगाने टांगलेल्या सगळ्याच माळा तुळशीच्या नसतात. ओल्या रुमालाने दोन-चार मणी जोरात पुसून बघा, रंग उतरला तर घेऊ नका. मण्यांचा रंग अगदी एकसारखा असेल तरी शंका घ्या, लाकडात थोडा फिकट-गडदपणा असतोच. जपाची माळ १०८ मण्यांची आणि वर मेरुमणी. गळ्यात घालायची माळ ही वेगळी गोष्ट. वारकरी परंपरेत ती गुरूंच्या हातून घेतात, त्याबरोबर एकादशी, मांसाहार-मद्य वर्ज्य आणि वारी हे नियम येतात. शोभेसाठी घ्यायची असेल तर हातात बांधा. गळ्यात घालायची असेल तर आधी वारकऱ्यांच्या फडावरच्या एखाद्या महाराजांशी बोला.

बुक्का: चिमूटभर तळहातावर चोळा. चांगल्या बुक्क्याचा वास चोळल्यावर वाढतो आणि बराच वेळ टिकतो. नुसताच काळा डाग पडला आणि वास वरवरचा असला तर त्यात कोळशाची पूड जास्त. सुटा बुक्का पावसाळ्यात ओल धरून गुठळ्या होतो, डबी हवाबंद हवी.

प्रसाद: चुरमुरे, लाह्या, बत्तासे, डाळ्या. बत्तासे वेगळ्या पिशवीत घ्या, एकत्र घेतले तर त्यांचा चुरा होऊन चुरमुरे चिकट होतात. समितीचा लाडू काउंटरवर मिळतो. देवळाला चिकटून असलेल्या दुकानांपेक्षा दोन गल्ल्या मागे गेलात तर भावात फरक पडतो.

अबोली_७

एक शेवटचं. 'देवाचा पलंग निघाला' म्हणजे काय? त्या काळात आम्ही गेलो तर काय फरक पडतो?

भीमाकाठ

आषाढी आणि कार्तिकीच्या काही दिवस आधी देवाच्या शेजघरातला पलंग काढतात. त्यानंतर दर्शन चोवीस तास चालतं. देव झोपत नाही, म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी कापसाचा लोड देतात आणि रुक्मिणीला तक्क्या. काकडा, पोशाख, धूपारती, शेजारती हे राजोपचार त्या काळात बंद असतात. म्हणजे रात्री दोनलाही दर्शन होतं, पण शेजारती बघायला मिळणार नाही. यात्रा उलगडली की प्रक्षाळपूजा होते: मंदिर धुतात, उभं राहून शिणलेल्या देवाच्या चरणांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात आणि रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात. त्या दिवसापासून नित्योपचार पुन्हा सुरू. शेजारतीसाठीच जाणार असाल तर प्रक्षाळपूजा होऊन गेल्यावर जा.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी दुसरी एक पूजा: चैत्र पाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत देवाला चंदनाची उटी लावतात. तिचीही नोंदणी समितीकडे असते.

नागरमोथा

दलालांबद्दल लिहायला हवंच. महाद्वार, घाट आणि बसस्थानकाच्या आसपास 'लवकर दर्शन करून देतो' म्हणणारी माणसं गाठतात. पैसे घेऊन पसार होतात, किंवा मुखदर्शनाच्या रांगेत नेऊन सोडतात, जिथे तुम्ही फुकटच गेला असता. दर्शनाला पैसे पडत नाहीत. पूजेचे पैसे फक्त समितीच्या काउंटरवर किंवा संकेतस्थळावर, आणि पावती हातात आल्याशिवाय नाही. कुणी अडवलंच तर पावती मागा, त्यावरच बहुतेक जण निघून जातात.

मोबाईल आत नेता येत नाही. खोलीवर ठेवून जाणं सर्वात बरं, नाहीतर लॉकर. चुकामूक टाळायला भेटायची जागा आधी ठरवा. 'देवळाबाहेर' एवढं पुरत नाही, कारण आत जायचा आणि बाहेर पडायचा रस्ता वेगळा. 'चोखोबांच्या समाधीशी' असं नेमकं सांगा. वयस्कर माणसाच्या खिशात नाव, मुक्कामाचं ठिकाण आणि एक फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

मुक्कामाला समितीची भक्तनिवासं आहेत, शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं आहे, आणि मठ-धर्मशाळा पुष्कळ. मठात उतरलात तर त्यांची जेवणाची आणि दार बंद करायची वेळ आधी विचारा. शेजारती करून बारानंतर परतणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

गोपाळपूरकर

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वेळ उरत असेल तर मंगळवेढा करा, पंचवीसेक किमी. दामाजीपंतांचं गाव, कान्होपात्रा तिथलीच, आणि चोखोबांचा मृत्यू झाला तोही तिथेच, गावकुसाचं बांधकाम कोसळून. तिथून सोलापूरच्या रस्त्यावर माचणूरला भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे. पुढे तुळजापूर किंवा अक्कलकोट जोडायचं असेल तर त्या रात्रीचा मुक्काम सोलापुरात करा. एका दिवसात तिन्ही क्षेत्रं उरकायची सहल आखू नका, कुठेच पाय टेकत नाही.

अबोली_७

सगळ्यांचे मनापासून आभार. पौषात जायचं ठरलंय. पहिल्या दुपारी पुंडलिक आणि गोपाळपूर, संध्याकाळी घरच्या मोठ्यांना मुखदर्शन, दुसऱ्या पहाटे आम्ही दोघं पदस्पर्शाला. हे बरोबर बसतंय का?

सोळखांबी

बसतंय. फक्त मुखदर्शन धूपारतीच्या वेळेवर नेऊ नका, पोशाख झाल्यावर लगेच, सव्वापाच-साडेपाचला न्या. तेव्हा देव नव्या पोशाखात असतो आणि रांगही त्या मानाने हलकी. पौषात पहाटे थंडी असते, बारीत अनवाणी उभं राहायचंय, तेव्हा शाल घ्या आणि मोजे काढून ठेवायला एक लहान पिशवी.